लाईनवर गेलेला शिवा

१

लेफ्टनंट जनरल हरिश्चंद्र शिर्के सकाळी आपल्याच विहिरीच्या काठावर बसलेले सापडले. पाय आत सोडलेले, अंगावर आदल्या दिवशीचाच सदरा, आणि रहाटाच्या दोराचं टोक कानाला धरलेलं.

"हॅलो... शिवा... लाईन आली का रे?" ते दोरात बोलत होते.

स्वयंपाक करणाऱ्या गंगुबाईंनी ते पाहिलं आणि तोंडावर पदर दाबून धरला. ओरडलं आणि साहेब दचकले तर खाली चिऱ्यांवर आपटायचे, एवढं त्यांना सुचलं. पुतण्या विनीत मागून पावलं न वाजवता गेला, काकांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघे माडाच्या आळ्यात पडले.

डॉक्टर मृणाली नागवेकर भाट्याचा पूल ओलांडून पोहोचली तेव्हा जनरल पलंगावर पडून होते. निवृत्तीनंतर ते पावस रस्त्यावरच्या या घरात राहायला आले, तेव्हापासून तीच त्यांची डॉक्टर. संगमेश्वराजवळच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, अनवाणी शाळेत गेलेला. पुढे पलटणीचा कमांडर झाला. उत्तरेतल्या एका डोंगरी चौकीवर जखमी अवस्थेत रात्रभर लढला, त्याचं वीरचक्र मिळालं. मग ब्रिगेड, मग डिव्हिजन, आणि शेवटी छातीवर परम विशिष्ट सेवा पदक. रत्नागिरीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. जनरलसाहेब म्हटलं की रिक्षावाला थेट घरापाशी आणून सोडी. गेले दोन-तीन महिने हाच माणूस जेवता जेवता डुलत होता आणि बोलता बोलता वाक्य अर्धं सोडत होता.

"मॅडम, आता तरी सर्टिफिकेट लिहून द्या," विनीत दारात उभा राहून म्हणाला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं. "आप्पांना साक्ष झेपणार नाही. सोमवारी ते कॅमेऱ्यासमोर असं काही बोलले तर जन्मभराचं नाव जाईल."

सोमवारची साक्ष सैन्याच्या न्यायाधिकरणापुढे, घरूनच व्हिडिओवरून होती. शिवा भुवड नावाच्या एका शिपायावर, तो फार वर्षांपूर्वी चौकीवरून पळून गेला, असा शिक्का बसलेला होता. गेल्या उन्हाळ्यात त्या डोंगरात रस्ता खोदताना हाडं मिळाली. सोबत त्याचा बिल्ला, एक पक्कड आणि टेलिफोनच्या तारेचं भेंडोळं. तरी सैन्याचा वकील म्हणत होता की तो पळतानाच मेला. त्याची बायको काशीबाई न्याय मागत होती. जनरलनी तिच्या बाजूने शपथपत्र दिलं होतं: शिवाला तार जोडायला मी स्वतः पाठवलं होतं. आता त्यांची उलटतपासणी व्हायची होती.

मृणालीने जनरलची पापणी उचलली. हात दाबायला सांगितला, तो त्यांनी दाबला. पण उशिरा आणि पोकळ. जिभेला जडपणा होता. मेंदूचा फोटो तिने मागेच काढून घेतला होता, त्यात काहीच दोष नव्हता. विसरायला लागलेले म्हातारे तिने पुष्कळ पाहिले होते. ते जागे असतात, बावरलेले असतात, चिडतात. हा माणूस बावरलेला नव्हता. तो झोपेत खोल बुडालेला होता आणि मध्येच कुठेतरी वर येऊन श्वास घेत होता.

तिने स्वतःच लिहून दिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या तपासल्या. सगळं बरोबर होतं.

म्हणजे या घरात कोणीतरी त्यांना झोपवत होतं.

२

रक्त मुंबईला पाठवायला हवं होतं आणि अहवाल सोमवारच्या आत येणार नव्हता. दवाखान्यात हलवलं तर साक्ष बुडणार, आणि हे करणारा सावध होणार. मृणालीने थोडा वेळ मिळवायचं ठरवलं. "पोट बिघडलंय. मी सांगेपर्यंत फक्त शहाळं आणि फळं," असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. शहाळी तिने विनीतला न सांगता आपल्या ओळखीच्या माणसाकडून मागवली. मग ती स्वयंपाकघरात शिरली.

गंगुबाई चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या.

"डाक्टरबाई, माज्या हातचं काय लागलं काय हो सायबास्नी?"

"तसं नाही. सकाळी त्यांना काय देता?"

"पेज. उकड्या तांदळाची. मीबी तीच खाते, विनीतबी तीच खातो. एकाच टोपातली. आळणी शिजवायची आन् मीठ ज्याचं त्यानं वरनं घ्यायचं. सायबांचं पथ्य हाय ना."

"चहा?"

"सायेब चाय घेत नायत. काळी कॉफी घेतत, तीपन सोता करून. मिल्ट्रीची सवय."

"आणि या घरात बाहेरून काय काय येतं? कोण आणतं?"

गंगुबाईंनी बोटांवर मोजलं. औषधं विनीत आणायचा. मासळी दारावर यायची. साबण, बिस्किटं, कॉफी, सायबांचं बीपीचं मीठ, हे सगळं सायबांच्या जुन्या पलटणीतले कर्नल सुर्वे आपल्या सामानासोबत मिल्ट्रीच्या कॅन्टीनमधून आणून द्यायचे.

"कर्नलसायबांनी लय केलंनी बघा यांच्यासाठी. भावासारखं." त्या थांबल्या. "एक सांगू? उपासाला सायेब बरे असतत. त्या संकष्टीला मला बोललेनी, गंगुबाई, तुमच्या खिचडीत दाण्याचा कूट कमी हाय. किती दिवसांनी असं नीट बोललेनी. देवाची कृपा, दुसरं काय."

मृणालीला ती संकष्टी आठवत होती. त्या संध्याकाळी जनरलनी तिला चौकीचा नकाशा रांगोळीसारखा टेबलावर साखरेने काढून दाखवला होता. आईला दिलेल्या शब्दाखातर ते एकादशी आणि संकष्टी दोन्ही पाळत, खंदकात असतानाही पाळत. कधी बरा दिवस, कधी वाईट, असं समजून तिने ते सोडून दिलं होतं.

तिने आठवण ताणली. त्याआधीच्या एकादशीलाही ते असेच लख्ख होते.

आजारपण पंचांग बघून येत नाही.

३

कर्नल गुरुप्रसाद सुर्वे दुपारी स्वतःच आले. ताठ, गोरेपान, मिशी नेमकी कापलेली. जनरल पलटणीचे कमांडर असताना हे तिथे अॅडज्युटंट होते, म्हणजे कमांडरच्या कचेरीचा सगळा कारभार बघणारे तरुण कॅप्टन. आता जिल्ह्यातल्या माजी सैनिकांचं कोणतंही काम त्यांच्यावाचून होत नसे.

"विहिरीचं कळलं," ते ओसरीवर बसत म्हणाले. "डॉक्टर, पण तुम्ही साक्ष थांबवू नका. सर बोललेच पाहिजेत. त्या बाईची आशा त्यांच्यावर आहे. मी शेजारी बसेन, धीर देईन."

"शिवा पळाला असं कागदावर तुम्हीच लिहिलं होतं ना?"

प्रश्न अंगावर आला तरी कर्नलचा चेहरा हलला नाही. "हो. त्या रात्री चौकीवर तोफगोळे पडत होते. फोनची तार तुटली होती. सर जखमी झाले, पहाटे हेलिकॉप्टरने गेले, आणि मग कित्येक महिने इस्पितळात. मागे माझ्याकडे जी खबर आली ती मी लिहिली. सरांना वेगळं आठवत असेल तर मला आनंदच आहे. माझ्या हातून झालेली चूक सुधारेल."

ते इतकं सरळ बोलले की मृणालीला संकोच वाटला.

विनीत मात्र कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी तिला चिडून भेटला. भरतीला जाणाऱ्या मुलांसाठी तो आप्पांच्या नावाने प्रशिक्षण वर्ग चालवत होता. "सगळे माझ्याकडेच संशयाने बघतायत. मी साक्ष नको म्हणतो म्हणून मी वाईट."

"का नको म्हणतोस?"

"कारण गरजच नाही. वकिलाने सांगितलंय, आजारामुळे साक्ष झाली नाही तर शपथपत्र तसंच राहतं. ते दिलं तेव्हा आप्पा ठणठणीत होते. पण ते समोर बसले आणि बरळले, तर शपथपत्रसुद्धा गेलं. लोक व्हिडिओ काढून फिरवतील. माझ्या मुलांसमोर मी कुठल्या तोंडाने उभा राहू?"

"आणि घर तुझ्या नावावर व्हायचं आहे म्हणे."

विनीतने तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, सकाळी विहिरीवर मी दोन पावलं उशिरा टाकली असती, तरी घर माझं झालंच असतं की."

तो निघून गेला. मृणाली तिथेच उभी राहिली. काकांना झोपवण्याचं कारण याच्यापाशी होतं, संधी होती. तरीही कुठेतरी गणित उलटं वाटत होतं, आणि ते नेमकं कुठे हे तिला सापडत नव्हतं.

४

शनिवारी सकाळी आईने तिला दवाखान्यात फोन केला. "येताना सैंधव आण. एकादशी आहे आणि बरणीत खडा नाही."

"घरात मीठ आहे ना?"

"अगं, उपासाला साधं मीठ चालतं का?"

मृणालीने फोन ठेवला आणि समोरच्या रुग्णाकडे बघत राहिली. मग तिने त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवलं आणि गाडी काढली.

कॉफी उपासालाही चालते, म्हणजे कॉफीत काही नव्हतं. गोळ्या रोजच्याच, उपासालाही तशाच. पेज सगळेच खात होते. पण पेजेवर वरून पडणारं ते बीपीचं, कमी सोडियमचं मीठ घरात फक्त एकच माणूस खात होता, आणि उपासाच्या दिवशी तोही त्याला हात लावत नव्हता. ते मीठ मुळातच कडवट असतं. त्यात गोळ्यांची पूड मिसळली तरी जिभेला कळणार नाही.

ती स्वयंपाकघरात घुसली. फळीवर पांढरा प्लास्टिकचा डबा जागच्या जागी होता. तिने झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला होता.

"हे कधी भरलंत?"

"मी नाय भरलं," गंगुबाई म्हणाल्या. "काल कर्नलसायेब आलेले ना, त्यांनी नवा पुडा आणलानी. डबा सोताच घासलानी, पुसलानी, भरून ठेवलानी. म्हणाले, सोमवारी सकाळी सायबास्नी पोटभर पेज द्या, डाक्टरबाईंचं पथ्य संपलेलं असंल."

मृणालीने तो डबा पिशवीत घातला आणि तसाच दिसणारा दुसरा, दुकानातल्या बंद पुड्याने भरलेला, तिथे ठेवला. मीठ तिने रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे दिलं. रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. मिठात झोपेच्या औषधाची पूड होती, आणि थोडीथोडकी नव्हती.

जनरल तोवर उठून ओसरीवर बसले होते. डोळ्यांखाली काळं होतं, पण डोळे त्यांचे स्वतःचे होते. मृणालीने त्यांना सगळं सांगितलं, नाव सोडून.

त्यांनी समुद्राकडे मान वळवली.

"तुम्हाला नाव माहीत आहे?"

"बहुतेक हो."

"मग उद्या साक्ष होईपर्यंत मला सांगू नका," जनरल म्हणाले. "मी त्या मुलाबद्दल बोलायला बसणार आहे. त्या वेळी डोक्यात दुसऱ्या कुणाचा राग नको."

मृणाली शहर पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या उपनिरीक्षकांनी ऐकून घेतलं, मिठाचा नमुना ठेवून घेतला आणि म्हणाले, "डबा घरात होता. हात कुणाचाही लागू शकतो. कोर्टात टिकेल असं काहीतरी हवं, मॅडम."

ते तिच्याजवळ नव्हतं.

५

सोमवारी न्यायाधिकरणाने नेमलेल्या वकीलबाई लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांच्यासोबत, मृणालीच्या विनंतीवरून, साध्या कपड्यांतले उपनिरीक्षक होते. ते कागद सांभाळणारे वाटत होते. विनीत भिंतीला टेकून उभा होता.

कर्नल सुर्वे थोडे उशिरा आले. जनरल इस्त्रीचा सदरा घालून पेपर वाचत बसले होते आणि पेपर सरळ धरलेला होता. कर्नल उंबऱ्यात क्षणभर थबकले.

"सर, आज तब्येत छान दिसते."

"झोप पुरी झाली," जनरल म्हणाले.

कर्नल हसले आणि स्कूटरमधून काहीतरी आणतो म्हणून बाहेर गेले. परतले तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा होता. त्यांनी त्यातला वरचा एक पेढा उचलून जनरलच्या पुढे धरला. "सकाळीच गणपतीपुळ्याला जाऊन आलो. तुमच्यासाठी प्रसाद."

जनरलचा हात पुढे झाला. प्रसादाला नाही म्हणणारा तो माणूस नव्हता. मृणालीने मध्ये येऊन पेढा आपल्या तळहातावर घेतला.

"पोट अजून नाजूक आहे. साक्ष झाल्यावर देऊ."

"प्रसाद आहे, डॉक्टर."

"म्हणूनच जपून ठेवते." तिने तो बशीत ठेवला आणि बशी उपनिरीक्षकांच्या कोपराशी सरकवली.

पडद्यावर न्यायमूर्ती दिसले. सैन्याच्या वकिलाने वार विचारला, जिल्हाधिकारी कार्यालय घरापासून कुठल्या दिशेला आहे ते विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. जनरलनी शांतपणे उत्तरं दिली. कर्नलच्या मांडीवरची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

"शिवा भुवडला तुम्ही तार जोडायला पाठवलंत, याला पुरावा काय?"

"हुकूम तोंडी होता. ऐकणारे दोघेच. शिवा आणि माझे अॅडज्युटंट."

"तो बाहेर पडला आणि संधी साधून पळाला, असं का असू नये?"

जनरलनी पाण्याचा घोट घेतला. "तो गेला तेव्हा फोन मुका होता. आमच्यावर गोळे पडत होते आणि मागच्या आमच्या तोफांना, कुठे मारायचं हे सांगायला वाट नव्हती. काही वेळाने फोन वाजला. मी स्वतः उचलला. त्या फोनवरून मी तोफखान्याला ठिकाण सांगितलं, म्हणून चौकी राहिली. त्या रात्रीचं वीरचक्र मला मिळालं. आता मला सांगा, ती तार कोणी जोडली? बर्फात त्या उतारावर माझा दुसरा एकही माणूस गेला नव्हता. त्याची हाडं त्याच उतारावर, तारेच्या वाटेवर सापडली. पळणारा माणूस आधी तार जोडत बसत नाही."

सैन्याच्या वकिलाने समोरचा कागद उलटला.

"मग इतकी वर्षं तुम्ही गप्प का होतात?"

"इस्पितळातून परतलो तेव्हा मला सांगितलं गेलं की शिवा तार जोडून सुखरूप परतला, आणि पुढे सुट्टीवर जाताना खालच्या तळावरून पळाला. मी कागद न बघताच विश्वास ठेवला. हाडं कुठे सापडली ते पेपरात वाचलं, तेव्हा कळलं की तो परतलाच नव्हता."

"कोणी सांगितलं होतं?"

"कॅप्टन गुरुप्रसाद सुर्वे यांनी," जनरल म्हणाले.

६

साक्ष संपली, लॅपटॉप बंद झाला. कर्नल उठायला लागले.

"बसा ना," मृणाली म्हणाली. "तुमचा प्रसाद राहिलाय."

तिने सगळ्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. उपासाला जनरल शुद्धीवर का असत, घरातली कुठली गोष्ट ते एकटे खात आणि उपासाला सोडत, त्या मिठात काय सापडलं.

"मिठाला हात कुणाचाही लागला असेल," कर्नल म्हणाले. "साक्ष होऊ नये असं विनीतला वाटत होतं. मला नाही."

"मलाही तेच अडत होतं. साक्ष रद्द झाली असती तर शपथपत्र शाबूत राहिलं असतं. विनीतला तेवढंच हवं होतं, मग त्याने आप्पांना झोपवायचं कशाला? खोटी सही करणारा डॉक्टर शोधणं सोपं होतं. पण ज्याला ते शपथपत्रच मोडायचं होतं, त्याला साक्ष व्हायलाच हवी होती. आणि आप्पा कॅमेऱ्यासमोर बरळायला हवे होते. साक्ष झालीच पाहिजे असा हट्ट फक्त तुमचा होता."

तिने बशी त्यांच्यापुढे धरली. "आज सरांना सावध बघितलंत आणि हे घेऊन आलात. घ्या ना. खाल्लात तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

"मला साखर आहे."

"सुर्वेकाका," विनीत हळूच म्हणाला, "परवा आमच्या वर्गात दोन जिलब्या खाल्ल्यात तुम्ही."

कर्नलनी पेढ्याकडे पाहिलं. उपनिरीक्षकांनी बशी उचलली आणि पेढा पिशवीत घालून तिचं तोंड बांधलं.

"शोधायला माणसं पाठवायचं मी ठरवलं होतं, सर," कर्नल शेवटी म्हणाले. ते फक्त जनरलशी बोलत होते. "बर्फ वाढलं. मला भीती वाटली, आणखी चार जण जातील. मी थांबलो. सकाळी तुम्ही गेला होतात, आणि मी का थांबलो हे सगळ्यांनी मलाच विचारलं असतं. पळाला म्हटलं की कुणी शोधत नाही."

जनरल उभे राहिले. मृणालीला वाटलं ते आता हात उगारतील. त्यांनी कर्नलच्या खांद्यावरचा दोरा झटकला, परेडआधी झटकतात तसा.

"वकील चांगला कर, सुर्वे," ते म्हणाले. "आणि खरं बोल."

निकाल यायला पावसाळा उलटला. शिवा भुवड कर्तव्यावर असताना मरण पावला, असं न्यायाधिकरणाने लिहिलं. जनरलनी निकालाचा कागद पोस्टाने पाठवू दिला नाही. संगमेश्वराच्या पुढे डोंगरात काशीबाईंचं गाव होतं. विनीतने गाडी चालवली आणि जनरलच्या सांगण्यावरून मृणालीही सोबत गेली.

काशीबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. जनरलनी उभ्यानेच त्यांना निकाल वाचून दाखवला. शेजारची माणसं गोळा झाली, कोणीतरी डोळे पुसले. काशीबाईंनी पुसले नाहीत. त्या ऐकत होत्या आणि जनरलचा चेहरा बघत होत्या.

"सायेब, त्यास्नी तुमी पाठवलात. म्हंजे शेवटचं तुमीच बघितलंत."

"हो."

"मग येक सांगा. त्या रात्री ते जेवून निघालेले काय?"

जनरलनी डोळे मिटले. मृणालीला वाटलं, हो म्हणा. कोणाला कळणार आहे.

मग त्यांनी डोळे उघडले. "नाही आठवत, बाई," ते म्हणाले. "खूप आठवून बघितलं. तेवढं नाही आठवत."

काशीबाईंनी हाताचा भुसा झटकला आणि जनरलच्या हातून तो कागद घेतला.

"म्हंजे बाकीचं खरं हाय," त्या म्हणाल्या.